गाईचं दुखणं, गिधाडाचं मरण

१९९०च्या दशकात भारतातल्या गोठ्यांत एक स्वस्त इंजेक्शन येऊन पोचलं. कास सुजून दगडासारखी झालेली गाय, पाय मुरगळलेला बैल, तापाने मान टाकलेली म्हैस, या सगळ्यांवर एकच औषध चालायचं: डायक्लोफिनॅक. माणसांच्या सांधेदुखीवर ते आधीपासून वापरात होतंच. गुरांनाही त्याने चटकन उतार पडायचा. गाय उठून उभी राहायची, चाऱ्याला तोंड लावायची. गुरांच्या डॉक्टरने ते टोचलं यात त्याची चूक नव्हती. शेतकऱ्याने पैसे मोजले ते काही पोटासाठी, काही मुक्या जनावराच्या कळवळ्याने. औषध बनवणाऱ्याने नफा पाहिला, पण आपण दुसऱ्या कुणासाठी विष तयार करतो आहोत हे त्याच्या गावीही नव्हतं. या गोष्टीत खलनायक शोधायला गेलं तर हाती कुणी लागत नाही.

आणि तरी दहा-पंधरा वर्षांत देशातली गिधाडं जवळजवळ संपली.

१९८०च्या दशकात भारतात सुमारे चार कोटी गिधाडं असावीत असा अंदाज सांगितला जातो. गावाबाहेर जनावर टाकलं की घटकाभरात आकाशातून त्यांची रांग उतरायची आणि तासाभरात सांगाडा उरायचा. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या जातीही त्याच वाटेने गेल्या. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांना भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात झाडांवर माना टाकून बसलेली आणि खाली मरून पडलेली गिधाडं दिसू लागली. कुणाला वाटलं विषाणू असेल, कुणाला वाटलं कीटकनाशक. कारण सापडलं पाकिस्तानात. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४मध्ये ‘नेचर’मध्ये ते मांडलं. डायक्लोफिनॅक दिल्यावर लगेच मेलेल्या जनावराचं मांस गिधाडाने खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात आणि शरीरात युरिक आम्लाचे पांढरे थर साचून ते दोन-चार दिवसांत मरतं. त्याच वर्षीच्या एका गणिती अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली. एवढा ऱ्हास घडवायला शंभरातलं एक जनावरसुद्धा विषारी असण्याची गरज नव्हती, त्याहून कमी पुरत होती. एका जनावरावर गिधाडांचा अख्खा थवा उतरतो आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते. अशा पक्ष्याला दर हजारी चार-पाच इंजेक्शनंही भोवतात.

मग पुढची साखळी सुरू झाली. भारतात गाई-म्हशी कोट्यवधी आणि मेल्यावर त्यांचं मांस खाणारे थोडे. ते काम गिधाडांचं होतं. ती गेल्यावर मेलेली जनावरं कुत्र्यांच्या वाट्याला आली. अनिल मार्कंड्या आणि सहकाऱ्यांच्या २००८च्या अभ्यासाने अंदाज बांधला की या काळात भटक्या कुत्र्यांत निदान ५५ लाखांची भर पडली आणि १९९२ ते २००६ या वर्षांत रेबीजने ४७ हजारांहून जास्त माणसं अधिकची मेली. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४मध्ये, जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि जिथे नव्हती, अशा जिल्ह्यांतले मृत्यूंचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. त्यांच्या हिशेबाने २००० ते २००५ या काळात वर्षाला सुमारे एक लाख जास्तीचे मृत्यू गिधाडांच्या जाण्याशी जोडता येतात. कुत्रा चावून, कुजक्या पाण्याने, रोगराईने. आकड्यांवर वाद घालता येईल, पण गाईच्या कासेवरचा उपाय माणसाच्या मरणापर्यंत पोचला याबद्दल फारसा वाद उरलेला नाही.

तो पोचला आणखी एका ठिकाणी, जिथे कुणाचं लक्ष जाण्याचं कारण नव्हतं.

मुंबईच्या मलबार हिलवर डुंगरवाडी आहे. सतराव्या शतकापासून पारशी समाज आपले मृत तिथे नेतो. या धर्मात अग्नी, पाणी आणि माती पवित्र, आणि प्रेत अशुद्ध. जाळलं तर अग्नी बाटतो, पुरलं तर माती, नदीत सोडलं तर पाणी. यावरचं उत्तर म्हणजे दोखमा: वरून उघडा असलेला गोल दगडी बुरूज, डोक्यावर ऊन आणि गिधाडं. श्रीमंत असो की गरीब, शेवट सारखाच, आणि आपला देह पक्ष्यांच्या मुखी पडावा हे माणसाच्या हातून घडणारं शेवटचं दान. हजारो वर्षांच्या या धर्मविचाराला एका पक्ष्याचा आधार होता, आणि तो पक्षी दोन दशकांत दिसेनासा झाला. २००१च्या सुमारास दोखम्यांत सूर्याची उष्णता एकवटणारे परावर्तक बसवले गेले. लख्ख उन्हात त्यांचं काम चालतं, मुंबईच्या पावसाळ्यात अडतं. त्यांच्या तापाने उरलेसुरले कावळे आणि घारीही दिवसा जवळ येत नाहीत. काही कर्मठांना यात दहनाची छाया दिसते. दुसरीकडे, काहींनी दहनच पत्करलं आणि २०१५मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत पारशी अंत्यविधींसाठी प्रार्थनागृह उभं राहिलं. तिथल्या विधींना धर्मगुरूंनी जावं की नाही, यावर समाजात आजही दोन तट आहेत.

हरियाणातल्या किंवा मराठवाड्यातल्या गोठ्यात टोचलेल्या सुईने मुंबईतल्या एका पारशी घराचा अंत्यविधी बदलला. त्या घराला कुणी विचारलं नव्हतं. विचारायला हवं हे कुणाच्या डोक्यात येणंही शक्य नव्हतं.

अशा वेळी पहिला प्रश्न येतो तो तराजूचा. एका पारड्यात गाईची वेदना आणि शेतकऱ्याचं दूध, दुसऱ्यात गिधाडं, कुत्री, रेबीज, डुंगरवाडी. जड पारडं कोणतं? मागे वळून पाहताना उत्तर सोपं वाटतं. पण इंजेक्शन भरायच्या दिवशी दुसरं पारडं दिसतच नव्हतं. पुढे दिसू लागलं तरी त्यातल्या वस्तूंना एक माप नाही. कासेची सूज दुधाच्या लिटरांत मोजता येईल, पण एका समाजाचा मृत्यूविधी कशात मोजायचा? आणि या दोन्हींहून मोठी अडचण अशी की पारडी दोन असली तरी माणसं एक नाहीत. फायदा ज्याला झाला त्याच्या घरात तोटा गेला नाही.

युरोपात या प्रश्नावर एक जुनी वाट आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती तत्त्वज्ञाने आत्मसंरक्षणाचा विचार करताना मांडलं की एका कृतीचे दोन परिणाम असू शकतात, त्यातला एकच हेतूत असतो आणि दुसरा हेतूबाहेर राहतो. पुढच्या कॅथलिक पंडितांनी त्यावरून कसोट्या घडवल्या. मूळ कृती वाईट नसावी, हेतू चांगला असावा, वाईट परिणाम हे चांगल्या परिणामाचं साधन नसावं आणि नुकसान फायद्याच्या मानाने फार मोठं नसावं. गुरांच्या डॉक्टरला या कसोट्यांवर उभं केलं तर तो निर्दोष सुटतो. गाय बरी व्हावी म्हणून गिधाड मरायला हवं होतं असं नाही, आणि जे ठाऊकच नव्हतं ते त्याने मापलं नाही हा गुन्हा म्हणता येत नाही. निकाल योग्यच आहे. पण कोर्ट उठतं आणि मेलेलं जनावर तिथेच पडून राहतं. ही सगळी चौकशी कर्त्याच्या मनाची आहे. मन साफ निघाल्यावर पुढे काय करायचं, याबद्दल ती फारसं बोलत नाही.

भारतीय परंपरेत याच प्रश्नाला एका वेगळ्याच दाराने प्रवेश मिळाला. ते दार स्वयंपाकघराचं.

धर्मशास्त्रात पंचसूना नावाची कल्पना आहे. सूना म्हणजे खाटीकखाना. गृहस्थाच्या घरात असे पाच खाटीकखाने असतात असं मनुस्मृतीचा तिसरा अध्याय सांगतो: चूल, जातं किंवा पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. चूल पेटवली की लाकडातले किडे जळतात, दळताना धान्यातले भरडतात, झाडताना मुंग्या जातात, कांडताना आणि पाणी भरतानाही तेच. यातलं एकही काम टाळता येत नाही, आणि कुणीही ते मारण्यासाठी करत नाही. तरीही शास्त्र म्हणतं, हे खाटीकखाने आहेत. निर्मळ हेतूने चूल शुद्ध होत नाही.

मग उपाय? चूल विझवा असं शास्त्र म्हणत नाही. उलट चूल पेटतच राहावी म्हणून त्याने रोजची पाच कर्तव्यं लावून दिली. विद्येचं अध्ययन-अध्यापन, पितरांचं तर्पण, देवांसाठी होम, प्राणिमात्रांना बळी आणि पाहुण्याला जेवण. हे पंचमहायज्ञ. महाराष्ट्रातल्या ज्या घरांत वैश्वदेव होत असे तिथे जेवणापूर्वी अग्नीत भाताची आहुती पडायची, गाईला घास, कावळ्याला घास, दारातल्या कुत्र्याला तुकडा. त्यामागचा हिशेब बहुतेकांच्या लक्षात नव्हता, पण हिशेब होता. स्वयंपाकाने ज्यांचं काही गेलं त्या जीवसृष्टीला स्वयंपाकातूनच काहीतरी परत जावं. आणि तेही वर्षातून एकदा क्षमा मागून नाही, रोज, जेवायच्या आधी. आधी देणं, मग खाणं.

या मांडणीत एक महत्त्वाचं पाऊल आहे. दोष आहे की नाही, एवढ्यावर ती थांबत नाही. काम करावंच लागणार आणि त्यातून नुकसान होणारच, हे दोन्ही ती मान्य करते. आणि त्या नुकसानीकडे पाहणं हा कामाचाच भाग मानते. काम संपल्यावर सवड मिळाली तर करायची ही गोष्ट नाही.

तत्त्वज्ञांच्या पातळीवर हाच प्रश्न यज्ञातल्या पशुबळीवरून पेटला. वेद एकीकडे कोणत्याही प्राण्याची हिंसा करू नये म्हणतात आणि दुसरीकडे यज्ञात पशू द्यायला सांगतात. मीमांसकांचं उत्तर नियमांच्या भाषेत होतं. अहिंसा हा सामान्य नियम, यज्ञ हा विशेष. विशेष नियम सामान्याला बाजूला सारतो, तेव्हा यज्ञातल्या हिंसेला पाप चिकटत नाही. धर्म-अधर्म डोळ्यांना दिसत नाहीत, ते वेदातूनच कळतात. वेदाने सांगितलेलं कर्म अशुद्ध कसं असेल? ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात शंकराचार्यही याच बाजूने उभे राहिले.

सांख्यांनी मान डोलावली नाही. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेने दुसऱ्याच कारिकेत वैदिक उपायांवर अशुद्धीचा ठपका ठेवला आणि वाचस्पती मिश्रांनी ‘सांख्यतत्त्वकौमुदी’त त्याचं मर्म उलगडलं. त्यांचा युक्तिवाद आजही ताजा वाटतो. एक नियम दुसऱ्याला कधी बाजूला सारेल? दोघांत विरोध असेल तेव्हा. इथे विरोधच नाही. एक वाक्य सांगतं की हिंसेने पाप लागतं. दुसरं सांगतं की पशू यज्ञाला उपयोगी पडतो. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात: तोच पशू यज्ञ सिद्धीस नेईल आणि तोच यजमानाला पापही देईल. पंचशिख या प्राचीन आचार्याचं मत ते पुढे करतात. पुण्यात पापाची अशी थोडी भेसळ राहतेच, प्रायश्चित्त घेतलं तर ती दूर होते, नाही घेतलं तर फळ भोगताना तिचा चटकाही सोसावा लागतो.

सांख्यांचं म्हणणं सरळ करून सांगायचं तर फायदा आणि तोटा एकमेकांतून वजा होत नाहीत. बेरीज-वजाबाकी करून खाली एकच आकडा लिहायची सोय ते ठेवत नाहीत. खाती दोन आहेत आणि दोन्ही स्वतंत्रपणे चुकती करायची आहेत. तराजूवाल्याला हे पटणार नाही, कारण त्याला शेवटी एक उत्तर हवं असतं. पण करायचं की नाही याचं उत्तर तराजूने खुशाल द्यावं. यज्ञ करायचाच ठरलं तरी दुसरं खातं मिटत नाही, इतकाच सांख्यांचा आग्रह आहे. मीमांसकांचा आवाज आधुनिक काळात कुठे ऐकू येतो ते शोधायला लांब जावं लागत नाही. परवाना होता, नियमात बसत होतं, मान्यताप्राप्त औषध होतं, म्हणजे नुकसान झालंच नाही, अशी फाईल कोणत्याही कार्यालयात सापडेल.

जैन विचाराने खाती आणखी बारकाईने लावली. गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार सांगितले जातात. ठरवून केलेली ती संकल्पी, घरकामात घडणारी आरंभी, शेती-धंद्यात घडणारी उद्योगी आणि हल्ल्याचा प्रतिकार करताना होणारी विरोधी. गृहस्थाने संकल्पी पूर्ण सोडायची, बाकीच्या तीन शक्य तितक्या आटोक्यात ठेवायच्या. आटोक्यात ठेवायच्या याचा अर्थ त्या हिंसा नाहीत असा होत नाही. साधूला मात्र आरंभी हिंसाही वर्ज्य, म्हणून तो चूल पेटवत नाही. मग तो जेवतो कुठे? गृहस्थाच्या घरी. इथे कुणीही विचारील की साधूच्या शुद्धतेचा भार दुसऱ्याच्या चुलीवर पडला नाही का? जैन आचार्यांना हा प्रश्न ठाऊक होता. म्हणूनच साधूसाठी मुद्दाम शिजवलेलं अन्न त्याने घ्यायचं नाही असा कडक नियम झाला. या नियमाने प्रश्न सगळा सुटतो असं नाही. पण आपल्या निर्मळपणाची किंमत दुसरा कुणी मोजतो आहे का, हे पाहायची सवय त्याने लावली.

हीच सवय पंचसूनेच्या ग्रंथाला मात्र लागली नाही.

कारण महाराष्ट्राच्या गावगाड्यात मेलेल्या जनावराचा प्रश्न सुटला होता तो नुसत्या गिधाडांवर नाही. गोठ्यातून ते ओढून नेणं हे महारांचं काम, त्या मांसावर जगणं हा त्यांचा हक्क म्हणून सांगितला जाई आणि तेच करतात म्हणून त्यांना शिवायचं नाही. गाईला घास देणाऱ्या घराने मेलेल्या गाईचं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर टाकलं आणि वर विटाळही त्याच्याच नावे लिहिला. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडून द्यायला सांगितलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला त्याच महाडात मनुस्मृती जाळली गेली, तीच, जिच्यात पंचसूनेचा विचार आहे. चुलीतल्या किड्याची नोंद ठेवणाऱ्या ग्रंथाला शेजारच्या माणसाची नोंद ठेवता आली नाही, हा आरोप गंभीर आहे आणि तो खोडून काढता येत नाही. २०१६मध्ये गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली, तेव्हा तिथल्या अनेक दलितांनी मेलेली जनावरं उचलायचंच बंद केलं. जनावरं पडून राहिली, वास सुटला आणि ओझं कुणाच्या खांद्यावर होतं ते सगळ्यांना कळलं. पारशी समाजातही प्रेत वाहणारे खांदिये आणि नस्सेसालार यांना पिढ्यान्‌पिढ्या अंतरावर ठेवलं गेलं. उपाय कितीही उदात्त असो, त्याचा गाळ कुठेतरी साचतोच.

म्हणून पंचसूनेचा विचार घ्यायचा तर त्याला एक प्रश्न जोडून घ्यावा लागतो. परत केलेला घास ज्याचं गेलं त्याच्यापर्यंत पोचतो का? कावळ्याला भात घातल्याने जळालेल्या किड्याचं काही भलं होत नाही. तिथे हे चालून जातं, कारण किडा दावा करायला येत नाही. सांख्यांच्या यजमानाचंही तसंच. पापाचा चटका बसला तर त्यालाच बसतो. गिधाडांच्या गोष्टीत चटका बसला तो कुत्रा चावलेल्या पोराला, आणि तो पोरगा गाईचं दूध प्यायलेला असेलच असं नाही.

कुत्र्यांचीच गोष्ट घ्या. १८३२च्या जूनमध्ये मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायची मोहीम काढली, मारलेल्या कुत्र्यामागे बक्षीस लावलं. पारशी लोकांनी दंगल केली. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मान आहे, अंत्यविधीत मृताच्या चेहऱ्यावर कुत्र्याची नजर पाडण्याचा सगदीद विधी आहे. बाजार बंद पडला, सैन्याचा शिधा अडला. दोन वर्षांनी, १८३४मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली. तिच्यामागचा विचार साधा होता. कुत्री मारू नका म्हणणाऱ्याने ती ठेवायची जागा आणि खायचा खर्च उचलायचा.

पुढे १९२६मध्ये अहमदाबादेत गिरणीमालक अंबालाल साराभाई यांनी गिरणीच्या आवारातली साठेक भटकी कुत्री मारवली. जीवदयावाद्यांनी गांधीजींना जाब विचारला आणि गांधीजींनी साराभाईंची बाजू घेतली. मग ‘यंग इंडिया’त कित्येक आठवडे वाद चालला. पिसाळलेलं कुत्रं माणसांत मोकळं सोडणं ही जास्त मोठी हिंसा, असं त्यांचं म्हणणं होतं. मारणं म्हणजे हिंसा नव्हे, असं मात्र ते म्हणाले नाहीत. त्यांचा खरा रोख होता तो रस्त्यावरच्या कुत्र्याला तुकडा टाकून पुण्य गाठीला बांधणाऱ्यांवर. कुत्रं पाळायचं तर घरात घ्या, त्याची जबाबदारी घ्या. नुसता तुकडा टाकून निघून गेलात तर तुमच्या दयेची किंमत पुढच्या गल्लीतलं मूल मोजतं. वैश्वदेवाचा घास आणि हा तुकडा दिसायला सारखेच. एकात देणारा देण्याने बांधला जातो, दुसऱ्यात मोकळा होतो.

गिधाडांच्या बाबतीत सरकारने काय केलं? २००६मध्ये गुरांसाठी डायक्लोफिनॅक बनवायला आणि विकायला बंदी आणली. बंदी हाही एक उपाय, आणि त्यालाही सावली आली. गाईची कास सुजायची थांबली नव्हती. शेतकरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या आणून त्याच गुरांना टोचू लागला. म्हणून २०१५मध्ये माणसांचं डायक्लोफिनॅक ३ मिलिलिटरच्या एकेरी कुपीतच विकायचा नियम झाला. बाजारात दुसरी वेदनाशामकं आली. त्यातलं अ‍ॅसिक्लोफिनॅक गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनतं. केटोप्रोफेनही गिधाडांना मारक निघालं. या दोन्हींवर २०२३मध्ये बंदी आली.

दरम्यान एक चांगली गोष्टही सापडली होती. मेलॉक्सिकॅम हे औषध गाईचं दुखणं कमी करतं आणि गिधाडाला मारत नाही, हे २००६मध्येच चाचण्यांतून पुढे आलं होतं. म्हणजे गाय की गिधाड, ही निवडच मुळात खोटी होती. तराजू लावून बसणाऱ्याने दोन पारड्यांत जे ठेवलं त्यापलीकडे पर्याय आहे का, हे आधी शोधायला हवं होतं. अर्थात सगळे परिणाम कळेपर्यंत थांबा, असं म्हणणंही फुकटचं नाही. तोवर गाय कण्हत राहते आणि तिच्या कण्हण्याची नोंद कुठल्याच अभ्यासात येत नाही. अति सावधपणाचेही दुष्परिणाम असतात. ते दिसत नाहीत इतकंच.

हरियाणात पिंजोरला २००१पासून गिधाडांसाठी केंद्र आहे. तिथे बंदिस्त पैदास होते. त्या पैदाशीतली काही गिधाडं २०२४मध्ये विदर्भात ताडोबा आणि पेंचला आणली गेली. वर्षाला एक अंडं घालणाऱ्या पक्ष्याची संख्या परत यायची तर पिढ्या लागतील, आणि आजच्या वृद्ध पारशी माणसाच्या अंत्यविधीला ती येणार नाहीत. परतफेडीचा हा खर्च सरकार, देणगीदार आणि संशोधक उचलतात. औषधाच्या किमतीत तो कधीच धरलेला नव्हता. गुरांसाठीचं नवं वेदनाशामक बाजारात येण्याआधी ते गिधाडांना सुरक्षित आहे का हे तपासावं, आणि तो खर्च औषध विकणाऱ्याने करावा, ही मागणी पंचमहायज्ञांच्या क्रमात चपखल बसते: आधी देणं, मग खाणं.

पण ही चाचणीही फुकट होत नाही. औषध गिधाडाला सुरक्षित आहे का हे शेवटी गिधाडाला देऊनच कळतं. केटोप्रोफेनचा धोका दाखवणाऱ्या आफ्रिकेतल्या चाचण्यांत गिधाडं दगावली. त्या चाचण्यांचे निष्कर्ष २००९च्या अखेरीस छापून आले आणि भारतात गुरांसाठी केटोप्रोफेन थांबलं ते २०२३मध्ये. ज्या माहितीसाठी चाचणीतल्या पक्ष्यांचं मरण घडवून आणलं, ती माहिती तेरा वर्षं छापील कागदावर पडून होती आणि गोठ्यांत इंजेक्शनं चालूच होती. गाईचा डॉक्टर अजाणतेपणी निर्दोष होता. त्या तेरा वर्षांत अजाणतेपणाची सबब कुणाकडेच नव्हती.